वर्षानुवर्षं मुरवायची बिअर: घरी कोणता प्रकार निवडावा

रेसिपी शोधण्याआधी थर्मामीटर आणा. किमान आणि कमाल असे दोन्ही आकडे लक्षात ठेवणारा साधा डिजिटल थर्मामीटर चालेल. बाटल्या जिथे ठेवायच्या आहेत त्याच जागी तो ठेवा, मग ती जागा बेसमेंटचा कोपरा असो, जिन्याखालचं कपाट असो की गॅरेजची भिंत. जानेवारीतला आकडा फारसा कामाचा नाही, कारण निर्णय उन्हाळ्यातल्या सर्वांत गरम आठवड्यावर ठरतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की बाटलीतल्या रासायनिक क्रियांचा वेग दुप्पट ते तिप्पट होतो. १२ अंशांच्या तळघरात जी बिअर तीन वर्षांत मुरेल, ती २५ अंशांच्या कपाटात वर्षभरातच म्हातारी होते. वर दिवस-रात्रीच्या चढउतारांनी तिची चवही विस्कटते.

साधारण हिशेब असा. वर्षभर १० ते १४ अंश मिळत असतील तर खाली दिलेला जवळपास कोणताही प्रकार करा. उन्हाळ्यात १८-२० पर्यंत जात असेल तर इम्पीरियल स्टाउट किंवा बेल्जियन क्वाड करा आणि दोन-तीन वर्षांत संपवा. पारा महिनोन्महिने २२ च्या वर राहत असेल, तर आधी जुना फ्रिज आणि तापमान नियंत्रक घेऊन १२ अंशांवर लावा, बिअरचा विचार त्यानंतर. ती सोय न करता केलेली मुरवणीची बिअर म्हणजे नऊ-दहा किलो माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, नासाडी.

कायद्याचंही आधीच सांगितलेलं बरं. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या स्वयंपाकघरासाठी हा लेख नाही. तो आहे परदेशात राहणाऱ्या आणि तिथल्या नियमांत राहून बिअर बनवणाऱ्या मराठी मंडळींसाठी. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३ मध्ये गेली. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेला कायदा १९७९ पासून लागू झाला. त्यानुसार दोन प्रौढांच्या घरात वर्षाला २०० गॅलनपर्यंत बिअर करमुक्त बनवता येते, विकता मात्र येत नाही. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात, तेवढे बघून घ्या.

मुरणं कशाला म्हणायचं

बाटलीत काळ एकच काम करत नाही. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, वास आधी उडतो, मग कडवटपणा हळूहळू उतरतो. यीस्टने दिलेली केळ्यासारखी फळांची चव विरते. झाकणातून झिरपलेला आणि भरताना आत राहिलेला ऑक्सिजन माल्टला हात घालतो. पिल्सनरमध्ये त्यातून ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि ग्लास मोरीत ओतावा लागतो. काळा मनुका, खजूर, जळकी साखर अशा चवींनी भरलेल्या बार्लीवाइनमध्ये (नावात वाइन असली तरी ही जड, कडक बिअरच) त्याच ऑक्सिजनमुळे शेरीसारखा, मधासारखा सूर लागतो. म्हणजे क्रिया त्याच, फक्त एकीकडे बिअर शिळी होते आणि दुसरीकडे मुरते. प्रकार निवडताना एवढंच विचारायचं: या बिअरमधलं जे काळाबरोबर जाणार आहे, ते गेल्यावर उरतं ते प्यावंसं वाटेल का?

त्यावरून निकष आपोआप निघतात. अल्कोहोल ८ टक्क्यांच्या पुढे हवं, कारण ते जंतूंना आवरतं आणि म्हातारपणाच्या चवींना आधार देतं. आंबण संपल्यावर अंगात थोडी गोडी आणि जाडी उरायला हवी. कडवटपणा सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त वाटला तर चांगलंच, कारण दोन वर्षांनी तो बेताचा होईल. गडद माल्ट असेल तर उत्तम. अल्कोहोल कमी असलेल्या बिअरला दुसरा राखणदार लागतो आणि तो म्हणजे आंबटपणा आणि ब्रेट नावाचं यीस्ट. ज्या बिअरचा जीव ताज्या वासात आहे ती मात्र ठेवायचीच नाही. न्यू इंग्लंड आयपीए, पेल एल, हेफेवाइझन, साधी लागर या काही आठवड्यांत प्यायच्या बिअर आहेत. डबल आयपीएत ९ टक्के अल्कोहोल असलं तरी तिला हेच लागू.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण इथे बरेच जण फसतात. ठेवून दिल्याने बिघडलेली बिअर सुधारत नाही. आंबणीच्या वेळी तापमान चढल्यामुळे आलेला पेंट थिनरसारखा जळजळीत अल्कोहोलचा वास वर्षाने जेमतेम बोथट होतो, पण जात नाही. व्हिनेगरचा आंबटपणा तर वाढतच जातो. तीन महिन्यांनी कच्ची पण स्वच्छ लागणारी बिअरच ठेवण्यालायक.

पहिली पसंती: इंग्लिश बार्लीवाइन

पहिल्यांदाच मुरवणीची बिअर करत असाल तर आमचं मत बिनदिक्कत बार्लीवाइनला आहे. साहित्य साधं लागतं, चूक झाली तर ती कुठे झाली हे कळतं, आणि पाच वर्षांच्या प्रवासात तिच्याइतकी बदलणारी दुसरी बिअर घरी करणं अवघड. करण्याआधी चव घेऊन बघा. सिएरा नेवाडाची बिगफूट १९८३ पासून आणि लंडनच्या फुलर्सची व्हिंटेज एल १९९७ पासून दरवर्षी निघते, त्यांच्यावर वर्ष छापलेलं असतं. एक ताजी आणि एक तीन-चार वर्षांची अशी जोडी मिळवून शेजारी-शेजारी ओता. बिगफूट अमेरिकन ढंगाची, हॉप्सने ठासून भरलेली. तिच्यातला कडवटपणा कसा उतरतो आणि माल्ट कसा वर येतो हे दोन ग्लासांत स्वच्छ दिसतं. जुना ग्लास आवडला नाही, तर मुरवण तुमच्यासाठी नाही, आणि हे दोन बाटल्यांच्या किमतीत कळलेलं बरं.

फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्यात, २० लिटर जाईल असं माप:

- मॅरिस ऑटर माल्ट ९ किलो
- मध्यम क्रिस्टल माल्ट ४०० ग्रॅम
- साखर ५०० ग्रॅम किंवा गडद गूळ ५५० ग्रॅम
- मॅग्नम हॉप्स, १२ टक्के अल्फा (कडवटपणा देणारं आम्ल), ७५ ग्रॅम, शेवटच्या ६० मिनिटांसाठी
- ईस्ट केंट गोल्डिंग्ज ३० ग्रॅम, शेवटच्या १० मिनिटांसाठी
- नॉटिंगहॅम कोरडं यीस्ट, ११ ग्रॅमची २ ते ३ पाकिटं

माल्ट २४ लिटर पाण्यात ६६ अंशांवर ९० मिनिटं मॅश करा, म्हणजे साखर उतरण्यासाठी भिजत ठेवा. त्याहून गरम मॅश केलं तर बिअर अर्धवट गोड राहते आणि ती गोडी वर्षागणिक जास्तच चिकट वाटू लागते. मग साधारण १५ लिटर गरम पाण्याने धुऊन भांड्यात ३० लिटर वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, घ्या. इथे हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायचं साधन, चुकवू नका. नमुना २० अंशांपर्यंत गार केल्यावर आकडा १.०६४ च्या आसपास हवा. एवढ्या जाड मॅशमधून साखर पूर्ण निघत नाही, ६५ टक्के मिळाली तरी पुष्कळ. आकडा १.०५८ पर्यंतच आला तर ५०० ग्रॅम फिका कोरडा माल्ट एक्स्ट्रॅक्ट घातला की भरपाई होते.

आता उकळायचं तीन तास. ताशी तीन लिटर वाफ गेली की २१ लिटर उरतात आणि तळातला गाळ सोडून २० लिटर फर्मेंटरमध्ये येतात. लांब उकळणीने रंग तांबूस होतो आणि माल्टला खरपूस गोडी येते. ही गोडी क्रिस्टल माल्ट वाढवून आणायला जाऊ नका, क्रिस्टलचा अतिरेक जुन्या बिअरमध्ये कफ सिरपसारखा लागतो. साखर शेवटच्या पंधरा मिनिटांत, आच बंद करून, ढवळत घाला, नाहीतर तळाला लागून करपते. गुळाबद्दल दोन शब्द: इंग्लंडमध्ये अशा बिअरमध्ये इन्व्हर्ट साखर घालायची जुनी पद्धत आहे, आणि इंडियन स्टोअरमध्ये मिळणारा गडद, मऊसर गूळ तिची जागा छान घेतो. खारट लागणारा किंवा भडक पिवळा गूळ टाळा. आधी थोडा वर्टमध्ये विरघळवून चाखा, मगच सगळा घाला.

सुरुवातीची घनता १.१०० च्या जवळ यावी. एवढ्या जड वर्टमध्ये यीस्टवर ताण येतो आणि बहुतेक बार्लीवाइन याच टप्प्यावर बिघडतात. एका पाकिटावर भागवलं तर यीस्ट दमतं, आकडा १.०४० वर अडकतो आणि हाती येतो गोडमिट्ट काढा. शुद्ध ऑक्सिजनची नळी असेल तर मिनिटाला एक लिटर या वेगाने ६० ते ९० सेकंद सोडा, आणि यीस्ट घातल्यावर बारा-पंधरा तासांनी पुन्हा एकदा तेवढाच. त्यानंतर मात्र ऑक्सिजन या बिअरचा शत्रू, थेंबभरही नको. पहिले चार दिवस बिअरचं स्वतःचं तापमान १७-१८ अंशांवर धरा. खोली १८ ला असली तरी जोरात आंबणारं वर्ट २३-२४ पर्यंत सहज जातं, म्हणून थर्मामीटर फर्मेंटरच्या अंगाला चिकटवून वर टॉवेलची घडी बांधा. जोर ओसरला की हळूहळू २०-२१ वर न्या आणि तीन आठवडे हात लावू नका. शेवटचा आकडा १.०२२ ते १.०२६ आला की अल्कोहोल १० टक्क्यांच्या आसपास भरतं.

आंबण मध्येच अडकलीच तर आधी फर्मेंटर गोल फिरवून तळाचं यीस्ट उठवा आणि २१ अंशांवर आठवडाभर थांबा. ८ टक्के अल्कोहोलमध्ये कोरडं यीस्ट वरून भुरभुरून उपयोग होत नाही, ते बुडताक्षणी मरगळतं. लिटरभर हलक्या वर्टमध्ये यीस्ट वाढवून, ते फेसाळलेलं असतानाच ओतावं.

मोठ्या भांड्यात किती दिवस

महिन्याभराने बिअर तळाच्या गाळावरून काढा. मेलेलं यीस्ट फुटलं की मांसाच्या रश्शासारखी, सोया सॉससारखी चव उतरते. जड बिअरमध्ये ते लवकर होतं. प्लास्टिकच्या बादलीत मुरवू नका, कारण तिच्या भिंतीतून ऑक्सिजन आत येत राहतो. काचेचा कार्बॉय (अरुंद मानेची मोठी बाटली) मानेपर्यंत भरा. त्याहून चांगला स्टीलचा केग (बंद पिंप), आधी कार्बन डायऑक्साइडने भरून रिकामा केलेला. काचेचा असेल तर एअरलॉकमधलं, म्हणजे हवा अडवणाऱ्या तोंडावरच्या झडपेतलं, पाणी दर पंधरा दिवसांनी बघा. ते आटलं की बिअर उघड्यावर पडते, आणि बाहेरून ते कळतसुद्धा नाही. तीन ते सहा महिने पुरे, पुढचं काम बाटलीवर सोपवा.

बाटल्या भरताना २ ग्रॅम ताजं बॉटलिंग यीस्ट, उदाहरणार्थ लालेमाँचं सीबीसी-१, कोमट पाण्यात भिजवून घाला. सहा महिन्यांनी मूळ यीस्टच्या अंगात बुडबुडे आणण्याचं त्राण उरत नाही, आणि निम्म्याहून जास्त सपाट बार्लीवाइनमागे हेच एक कारण असतं. १९ लिटरला ८५ ग्रॅम साखर घातली की सौम्य, इंग्लिश धाटणीचा फेस येतो. बाटली तपकिरीच घ्या. नळी तळापर्यंत घालून भरा, वर अडीच सेंटिमीटर जागा सोडा आणि ऑक्सिजन शोषणारी झाकणं लावा. महिना-दीड महिना २० अंशांवर ठेवून वायू भरला की बाटल्या गार, अंधाऱ्या जागी उभ्या ठेवायच्या. आडव्या ठेवल्या तर यीस्ट कुशीला चिकटतं आणि ओतताना सगळा गाळ ग्लासात येतो. झाकणावर मेण लावलंत तर दिसायला छान, पण खरं काम झाकणाच्या पकडीचं आणि थंडाव्याचं.

इम्पीरियल स्टाउट

अठराव्या शतकात लंडनच्या ब्रुअरीतून रशियाला जाणारी ही बिअर. काळा भाजका माल्ट काही प्रमाणात ऑक्सिजनलाही आवरतो, म्हणून थोड्या गरम घरातही ती तग धरते. सुरुवातीची घनता १.०९५ ते १.११० ठेवा. भाजके माल्ट मिळून एकूण माल्टच्या ८ ते १२ टक्के पुरतात. त्याहून जास्त घातलं की राखेसारखा तुरटपणा येतो आणि तो मुरत नाही, फक्त बसून राहतो. पाणी आरओचं असेल तर काळ्या माल्टने मॅशचा पीएच फार खाली जातो आणि बिअर पातळ, आंबूस लागते. मॅश ५.४ च्या आसपास ठेवायला अर्धा चमचा खाण्याचा सोडा बहुतेक वेळा पुरतो, पण मीटरने मोजूनच घाला.

ही ठेवायची असेल तर कॉफी घालू नका. कॉफीचा वास सहा महिन्यांत उडतो आणि कधीकधी हिरव्या मिरचीसारखी चव मागे सोडून जातो. चॉकलेट, काकवी, मनुका यांचे सूर मात्र टिकतात. लाकूड हवं असेल तर मध्यम भाजलेले ओकचे तुकडे, १९ लिटरला ४० ग्रॅम, दोन महिने, आणि दर दोन आठवड्यांनी चाखत राहा. दीड वर्षाला चांगली होते, चार-पाच वर्षं राहते.

बेल्जियन क्वाड

१.०९० पासून १.०१४ पर्यंत उतरणारी, म्हणजे अंगाने हलकी पण ताकदीला कमी नाही. गडद कँडी सिरप ७०० ग्रॅम घाला आणि ट्रॅपिस्ट (मठांतल्या बेल्जियन बिअरचं) यीस्ट १८ अंशांवर सुरू करून स्वतःहून २३ पर्यंत चढू द्या. पहिल्या वर्षी केळं, मिरी आणि अल्कोहोल पुढे असतात, मग अंजीर आणि खजूर येतात. फेस जोरकस लागतो म्हणून जाड बाटल्याच घ्या. एक ते तीन वर्षं तिची उत्तम.

डॉपेलबॉक आणि बाल्टिक पोर्टर या लागर, म्हणजे थंडीत तयार होणाऱ्या, जातीतल्या. त्यांना दोन-तीन अंशांवर महिनोन्महिने जागा देता येत असेल तरच हात घाला, मग वर्ष-दीड वर्ष त्या सुंदर राहतात.

आंबट बिअर: सर्वांत लांब वाट

लाम्बिकच्या, म्हणजे बेल्जियमच्या आंबट बिअरच्या, वाटेची बिअर ५-६ टक्क्यांचीच असते, तरी वाइनसारखी वर्षानुवर्षं टिकते. तिची राखण करतात आम्ल आणि ब्रेटानोमायसीस, म्हणजेच वर आलेलं ब्रेट. या यीस्टचं नाव १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्या क्लाउसेन यांनी ठेवलं, अर्थ ‘ब्रिटिश बुरशी’, कारण ते त्यांना इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरमध्ये सापडलं होतं. बाटलीत शिरलेला थोडाफार ऑक्सिजन ब्रेट खाऊन टाकतं, म्हणून ऑर्व्हालसारखी बेल्जियन बिअर ठेवल्यावर शिळी न होता रूप पालटते.

पिल्सनर माल्ट ६० टक्के, कच्चा गहू ४० टक्के, घनता १.०५०. कडवटपणा १० आयबीयूच्या (हे कडवटपणाचं माप) खालीच, कारण हॉप्स दह्याच्या जंतूंना दाबतात. यीस्ट आणि आंबट जंतूंचं मिश्र कल्चर घालून काचेच्या कार्बॉयमध्ये किमान वर्षभर सोडा. वर पांढरी सुरकुतलेली साय धरेल, ती मोडू नका आणि कार्बॉय उघडूनही बघू नका. हवा मिळाली की व्हिनेगर होतो. नळ्या, बूच, प्लास्टिकची सगळी हत्यारं कायमची वेगळी करा. या जंतूंना ओरखड्यातून काढणं जवळपास अशक्य असतं.

खरा धोका बाटलीत आहे. साधं यीस्ट ज्या साखरेला हात लावत नाही ती ब्रेट सावकाश खातं. घनतेचा आकडा भरल्यानंतर नुसता ०.००२ ने उतरला तरी बाटलीत एक पूर्ण व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका, वायू वाढतो, आणि ०.००६ ने उतरला तर साधी बाटली फुटते. म्हणून तीन महिने आकडा एका जागी राहिल्याशिवाय, बहुधा १.००२ ते १.००६ दरम्यान, बाटल्या भरू नका. भरायच्या त्याही शँपेनच्या जाडीच्या. पहिल्या वर्षभर त्या झाकण असलेल्या खोक्यात ठेवा, म्हणजे एखादी फुटलीच तर काचा आत राहतील.

किती आणि कधी उघडायच्या

१९ लिटरमधून ३३० मिलिलिटरच्या चोपन्न-पंचावन्न बाटल्या निघतात. मोठ्या बाटल्या भरू नका. १० टक्क्यांची पाऊण लिटर बिअर उघडायला चार माणसं जमावी लागतात, मग ती पडून राहते आणि नेमकी कुठे आहे ते कळत नाही. झाकणावर कायमच्या शाईने महिना आणि वर्ष लिहा. पहिली बाटली तिसऱ्या महिन्याला, वायू धरला की नाही बघायला. मग सहा, बारा, अठरा, चोवीस महिन्यांना एकेक, आणि प्रत्येक वेळी चार ओळी वहीत: रंग, वास, कडवटपणा, अंग.

उघडताना बाटली १२ अंशांच्या आसपास हवी, फ्रिजमधून थेट काढू नका. फेस कमी दिसला तर बिथरू नका. जुन्या यीस्टमधून निघालेलं एन्झाइम फेसाची प्रथिनं तोडतं, पाचव्या वर्षी कडेला पातळ गोल रिंग उरली तरी पुष्कळ. वासात मनुका, मध, शेरी असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा बघा. पुठ्ठा किंवा सोया सॉसची चाहूल दोन बाटल्यांत लागोपाठ लागली, तर उरलेल्या पुढच्या दोन-तीन महिन्यांत संपवा. ओतताना बाटली एका झोकात तिरकी करा आणि तळातला शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या.